कानटोपी आणि दहा हजार मिलिमीटर

पहाटे पाच वाजता एखादा गृहस्थ बाल्कनीतून हात बाहेर काढून, तळवा आभाळाकडे करून उभा दिसला, तर ग्रहण सुटलेलं नसतं आणि तो दानही मागत नसतो. तो सायकलवाला असतो. पाऊस पडतोय का, ते बघत असतो.

परवा माझ्या तळहातावर दोन थेंब पडले. आता हे थेंब आभाळातले, की वरच्या मजल्यावरच्या तुळशीच्या कुंडीतले, हे ठरवण्यात पाच मिनिटं गेली. कुंडी कोरडी निघाली, म्हणजे आभाळ. मग कपाट उघडलं. जाकीट घालावं तर पहिल्याच चढाला उकडणार. न घालावं तर तोच चढ उतरताना काकडणार. जाकीट पाठीच्या खिशात ठेवावं, तर खिशातली दोन केळी कुठे ठेवायची? माझी रोजची फेरी पाऊण तासाची आहे. तिच्यासाठी काय घालायचं, हे ठरवायला मला पंचावन्न मिनिटं लागतात.

“अहो, लग्नात बोहल्यावर चढतानाही एवढा वेळ नव्हता लागला तुम्हाला,” बायको पांघरुणातूनच म्हणाली.

“सूट तुमच्याकडून होता. निवडायला काय होतं?”

“तेच तर. निवड दिली की घोटाळा करता.”

एवढ्यात पलीकडच्या खोलीतून, डोळेही न उघडता, आईचा आवाज आला. “कान झाकलेस का?”

आई ऐंशीच्या पुढे आहे आणि तिचं वैद्यकशास्त्र एका ओळीचं आहे : जगातली सगळी थंडी कानातून आत शिरते. सर्दी, खोकला, गुडघेदुखी, अपचन, शेजारच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन, सगळ्याच्या मुळाशी उघडे कान. अंगावर बाकी काही नसलं तरी चालेल, कान झाकले की झालं.

हे सगळं सुरू झालं माझ्या एका रक्ततपासणीपासून. रिपोर्टात एवढे आकडे ठळक अक्षरांत छापले होते की मला वाटलं निवडणुकीचा निकाल आहे. व्यायाम करा, असं सांगण्यात आलं. चालण्यात मन रमेना, पोहण्यात पोट लपेना, म्हणून सायकल घेतली. ती घेताना पहिला धक्का बसला तो असा, की पूर्वीच्या सायकलवर जे जे असायचं ते सगळं हिच्यावरून काढून टाकलेलं होतं आणि ते काढल्याचे वेगळे पैसे घेतले होते. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा नाही.

“मडगार्ड नाही? मग पावसात?”

“सर, वजन वाढतं ना,” दुकानातला मुलगा म्हणाला. आणि नंतर बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिला. सायकलचं वजन तीनशे ग्रॅमने वाचवण्याची गरज मलाच का आहे, हा प्रश्न त्यालाही पडला असावा.

माझे वडील तीस वर्षं सायकलने कचेरीत गेले. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तो काळ. त्यांच्याकडे पावसाळी कपडा एकच होता : खाकी रेनकोट. पाऊस असला की अंगात, नसला की कॅरिअरला. विजारीच्या पायाला एक क्लिप. त्यांना मी कधी कपाटासमोर विचारात पडलेलं पाहिलं नाही, कारण विचार करावा इतके कपडे कपाटात नव्हते.

आम्हा मुलांचे रेनकोट मात्र वेगळ्या तत्त्वावर घेतले जात. त्या तत्त्वाचं नाव ‘वाढतं अंग’. पाचवीत घेतलेला रेनकोट नववीत मापाचा व्हायचा, आणि तोवर त्याची बटणं, टोपी आणि जलरोधकता या तिन्ही गोष्टी गेलेल्या असायच्या. आतून त्याला जो वास यायचा, तो ओलं रबर, डब्यातली मेथीची भाजी आणि भिजलेलं कुत्रं यांच्या मिश्रणाचा. पुढे वाचनात आलं की स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश नावाच्या माणसाने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबर चिकटवून रेनकोटाच्या कापडाचं पेटंट घेतलं, आणि त्या पहिल्या रेनकोटांच्या वासाबद्दलही लोक कुरकुरतच होते. म्हणजे आमच्यापर्यंत मूळ पाककृती बिनचूक पोचली होती.

आणि मुळशीकडचे माझे आजोबा लावणीला इरलं घेत. बांबूचं, पानांनी शाकारलेलं. पाठीवर घर घेऊन वाकलेली माणसं चिखलात सरकताना दिसायची. इरलं घालून सायकल चालवता येत नाही. मी हे नुसतं म्हणत नाही, दहावीच्या सुट्टीत करून पाहिलंय. वारा मागून होता तोवर मजा आली.

असो. तर सायकल आली आणि सायकलीबरोबर ग्रुप आला. ग्रुपमध्ये एक डॉक्टर आहेत. ते दातांचे आहेत, पण रविवारी सकाळी ते सगळ्याचे असतात. खडकवासल्याच्या चौपाटीवर कांदाभजी खाता खाता त्यांनी मला कपड्यांचं शास्त्र शिकवलं.

“तीन थर. पहिला अंगालगतचा, घाम ओढून बाहेर ढकलतो. दुसरा ऊब धरतो. तिसरा वारा-पाऊस अडवतो.”

“आणि तरी थंडी वाजली तर?”

“तर पेडल मारा. आणि एक लक्षात ठेवा, सुती काही नको. सुती कपडा भिजला की वाळत नाही. अंगावर ओला टॉवेल घेऊन फिरल्यासारखं.”

मी पन्नास वर्षं बनियनमध्ये वाढलेला माणूस. बनियन काढून चारचौघांत जायचं म्हणजे मुंजीच्या आधीच्या वयात परत जाण्यासारखं वाटतं. तेव्हा पहिले काही रविवार मी त्या घाम ओढणाऱ्या थराच्या आत गुपचूप बनियन घालत होतो. एकदा वाकलो आणि गळ्यापाशी पांढरी कड दिसली. डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की सत्यनारायणाच्या प्रसादात त्यांना अंड्याचं टरफल सापडलं असतं तरी तसा झाला नसता.

“बनियन?”

“सवय हो.”

“काढा!”

खडकवासल्याच्या चौपाटीवर, भजीवाल्याच्या ताडपत्रीआड, मी ते काढलं.

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली. सायकल चालवताना आपलं शरीर जेवढी ताकद जाळतं, तिच्यातली साधारण वीस ते पंचवीस टक्केच चाकापर्यंत जाते. बाकीची नुसती उष्णता होते. म्हणजे मी सायकल चालवतो हे म्हणणं तितकंसं खरं नाही. मी मुख्यतः शेगडी चालवतो, आणि तिच्या धगीवर जाता जाता थोडी सायकलही चालते. म्हणून नियम असा, की घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजत नसली तर कपडे जास्त झाले. नियम शास्त्रशुद्ध आहे. तो फक्त आईसमोर सांगून बघा.

“कुडकुडतोयस तू.”

“हो आई. बरोबर आहे ते.”

“काय बरोबर आहे?”

“कुडकुडायलाच पाहिजे.”

तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने वर पंख्याकडे पाहिलं.

आता जाकीट. तिसरा थर. हा सगळ्यात महाग आणि याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं. दुकानात गेलो तर तिथल्या तरुणाने एक पोपटी-पिवळं जाकीट माझ्यासमोर पसरलं. आधी ‘काका’ म्हणाला, मग किंमत सांगायची वेळ आल्यावर ‘सर’ म्हणाला.

“सर, हे दहा हजार मिलिमीटरचं आहे.”

मी मनातल्या मनात हिशोब केला. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे तेरा-चौदा वर्षं बघायला नको. पण लोणावळ्यात चार हजारांच्या वर पडतो. तिथे अडीच वर्षांच्या आतच संपायचं.

“लोणावळ्याला नेहमी जाणार असलो तर?”

“तर वीस हजारवालं घ्या सर.”

“ते किती वर्षं पुरेल?”

“ते लाइफटाइम आहे सर.”

आम्ही दोघेही अत्यंत गंभीरपणे, एकमेकांच्या अज्ञानाचा मान राखून बोलत होतो. खरा अर्थ नंतर डॉक्टरांनी सांगितला. कापड ताणून धरायचं, त्यावर नळी उभी करायची आणि तिच्यात पाणी भरत जायचं. पाणी किती उंच चढल्यावर कापडातून थेंब झिरपतात, तो हा आकडा. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याएवढी पाण्याने भरलेली नळी माझ्या खांद्यावर उभी केली तरी आत थेंब येणार नाही. मी सपाट होईन, पण कोरडा.

हे जाकीट श्वास घेतं, असंही तो तरुण म्हणाला. यामागची गोष्ट तर खरोखर ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत १९६९ साली बॉब गोर नावाचा माणूस नॉनस्टिक तव्याला लावतात त्याच पदार्थाच्या कांड्या गरम करून हळूहळू ताणून बघत होता. हळू ताणलं की त्या तुटायच्या. शेवटी त्याने एक जोरदार हिसका दिला, आणि कांडी तुटायच्या ऐवजी कितीतरी पट लांब झाली. त्या हिसक्यातून गोर-टेक्सचा पडदा निघाला. त्याची छिद्रं इतकी बारीक की पावसाचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. ही गोष्ट मी घरी रंगवून सांगितली. आमच्या घरात रोज काही ना काही हिसकलं जातं, पण त्यातून आजवर फक्त कपाटाची मूठ निघाली आहे.

माझं जाकीट त्या घराण्यातलं नव्हतं. दूरच्या नात्यातलं म्हणा. बायकोने किमतीची चिठ्ठी पाहिली.

“एवढे? कशाचे?”

“अगं, श्वास घेतं हे.”

“मग तुमच्यापेक्षा बरं. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर थांबता घ्यायला.”

एक बारीकशी अडचण होती. जाकिटाची पाठ लांब आणि पोट आखूड होतं. ‘सर, सायकलवर वाकल्यावर बरोबर बसतं,’ असं सांगून त्या तरुणाने मला दुकानाच्या आरशासमोर वाकवून उभं केलं होतं. तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं येऊन ‘पाठ धरली का?’ विचारून गेली. सरळ उभं राहिलं की जाकीट पुढून बेंबीपाशी थांबतं आणि मागून मात्र शेपटीसारखं खाली उतरतं. ज्याने ते बेतलं, त्याला पुढच्या बाजूला पोट असतं ही कल्पनाच कुणी दिली नव्हती.

पहिला मोठा प्रयोग आषाढात, ग्रुपबरोबर लोणावळ्याला. पुण्याहून जुन्या हायवेने निघालं की साठ-पासष्ट किलोमीटरवर लोणावळं, आणि या साठ-पासष्ट किलोमीटरांत पावसाचं वार्षिक मान पाच-सहा पट होतं. घाटमाथा पाऊस पिळून घेतो आणि पुण्याला चोथा पाठवतो. म्हणजे सकाळी साडेपाचला निगडीत ज्या हवेसाठी कपडे घालावे लागतात, त्या हवेचा कामशेतच्या हवेशी काही संबंध नसतो. एकाच अंगावर सकाळी पुण्याचे आणि नऊ वाजता कोकणाच्या सीमेवरचे कपडे हवेत.

देहूरोडला दोन थेंब पडले, जाकीट घातलं. पाऊस थांबला. सोमाटण्याला काढलं. पडला. तळेगावला घातलं. ऊन पडलं. वडगावला मी ठरवलं की आता काही झालं तरी काढायचं नाही, आणि कामशेतपर्यंत त्या श्वास घेणाऱ्या जाकिटात माझा श्वास कोंडून गेला. खिंडीच्या पलीकडे मात्र पाऊस आला, तो नुसता पडत नव्हता, चालून येत होता. जाकिटाने आपलं काम चोख केलं. बाहेरून एक थेंब कापडातून आत येऊ दिला नाही. कापडाची एवढी कडक परीक्षा घेतलेली असते, पाऊस मात्र गळ्यातून येतो. बाह्यांतून येतो. खालून, पुढच्याच्या चाकावरून उडून वर येतो. वरच्या दाराला तिसऱ्या मजल्याएवढं कुलूप लावून मागचं दार उघडं ठेवावं, तसं.

आणि आत? आत मी पूर्ण भिजलेला होतो. डॉक्टरांनी नंतर समजावलं. घामाची वाफ आतून बाहेर जायची, तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. आषाढात कामशेतला आत-बाहेर सारखंच दमट. म्हणजे दादरला उतरायचं म्हणून एक माणूस दाराशी आला आहे, आणि फलाटावर निम्मी मुंबई चढायला उभी आहे. तो उतरत नाही. तो कल्याणला जातो. माझा घाम त्या दिवशी कल्याणला गेला.

चष्म्याबद्दल मी फार लिहीत नाही. बाहेरून पाणी, आतून वाफ, आणि पुसायला अंगावर एकही सुती धागा नाही, कारण बनियन घरी. कामशेतच्या फाट्यावर थांबून मी चष्मा जाकिटाच्या अस्तराला पुसत होतो, तेवढ्यात एक मोटार हळू झाली.

“ओ, पुढे रस्ता बंद आहे का?”

मला वाटलं, सहज विचारलं असेल. “नाही, जा की,” म्हणून मी हात केला. मागचा टेम्पोवाला तो हात बघून थांबला. त्याच्या मागचा ट्रक थांबला. पोपटी-पिवळं जाकीट, त्यावर चमकते पट्टे, डोक्यावर हेल्मेट. मी रस्त्याच्या कामावरचा माणूस आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका उरली नाही. टेम्पोवाल्याला सोडायचा तर समोरच्याला थांबवणं आलं. समोरचा थांबला तर त्याला सोडणं आलं. पाच-सात मिनिटं मी मुंबई-पुणे वाहतूक चालवली, आणि खोटं कशाला सांगू, अंगात ऊब आली. एक ट्रकवाला तर जाता जाता सलाम करून गेला. मला शोधत डॉक्टर मागे फिरून आले, तेव्हा मी त्यांनाही हात दाखवून थांबवलं होतं.

त्यांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत, बरोबर मणक्यावरून, चिखलाचा सरळ पट्टा उमटला होता. मडगार्डचे तीनशे ग्रॅम वाचले की पाठीवर हा पट्टा येतो. ग्रुपमध्ये तो सगळ्यांच्याच पाठीवर असतो. लांबून बघितलं तर एका पंथाची माणसं वाटतात.

पाय राहिले. बुटांवर घालायची खास कव्हरं मिळतात, त्यांची किंमत मला माझ्या बुटांच्या किमतीपेक्षा जास्त दिसली. तेव्हा मोज्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या घातल्या. हा उपाय उत्तम आहे. दोष एकच, की चहाच्या टपरीवर पायांचा आवाज येतो. बाकावर पाय हलवला की टपरीवरचं कुत्रं आशेने उठून जवळ यायचं.

पोंचोही वापरून पाहिला. त्याबद्दल एवढंच, की समोरून वारा आला की आपण शिडाचं जहाज होतो आणि जहाज मागे जातं.

तर पावसाळा असा गेला, आणि थंडी आली. आता पुण्यात हवामान खात्याच्या इमारतीला लोक अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली त्या खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं होतं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण शिमला मात्र पुणेकराच्या मनात राहिलं. पारा बारावर आला की पुणेकर असा वागतो, की संध्याकाळपर्यंत पर्वतीवर बर्फ पडणार आहे. डॉक्टर मेरिनो लोकरीचा टी-शर्ट घालून आले. न्यूझीलंडच्या मेंढीचा, म्हणाले. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही, भिजली तरी ऊब सोडत नाही. मी घरी येऊन आईला हे सांगितलं.

“म्हणजे घोंगडी,” आई म्हणाली.

“घोंगडी नाही गं. पाच हजाराचा आहे.”

“म्हणजे महाग घोंगडी.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. धनगर भर पावसात घोंगडी पांघरून उभे राहतात ते काही पिढ्यान्‌पिढ्या चुकून नाही.

मग वर्तमानपत्राची युक्ती. ही डॉक्टरांचीच. पूर्वी टूर द फ्रान्समध्ये घाटमाथ्यावर उभे असलेले लोक स्पर्धकांच्या हातात वर्तमानपत्रं द्यायचे, आणि ती जर्सीच्या आत छातीवर खुपसून स्पर्धक घाट उतरायचे. वारा लागत नाही. यात एक पैशाचा खर्च नव्हता, म्हणून मला ही युक्ती फार आवडली. रविवारचा अंक घेतला, कारण जाड असतो. मधलं पान काढून ठेवायला आईने लावलं, राशिभविष्य त्यात होतं. बाकीचा अंक छातीवर घेऊन मी खडकवासल्याचा वारा अंगावर घेतला. खरंच सांगतो, ऊब राहिली. फक्त दर पेडलला छातीतून पान उलटल्यासारखा आवाज यायचा.

घरी येऊन जाकीट काढलं तेव्हा अंक लगदा झाला होता आणि त्याची शाई आतल्या पांढऱ्या थरावर उतरली होती. उलटी. आरशासमोर उभा राहिलो, तर आरशात ती सुलटी दिसायला लागली. बायको मागून टॉवेल घेऊन आली आणि आरशात बघून मोठ्याने वाचू लागली.

“वधू पाहिजे. निर्व्यसनी, शाकाहारी, स्वतःचा फ्लॅट.” मग जरा वाकून, पोटाच्या वळीपाशी, “अपेक्षा... अपेक्षा काही नाही.”

टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून ती गेली. त्या दिवशी नाश्त्याला पोहे होते, पण माझ्या ताटलीत शेंगदाणे कमी होते.

ग्रुपमध्ये मी फार कुरकुर करतो, असं एकदा डॉक्टरांना वाटलं असावं. ते मुद्दाम घरी आले आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. १९८० सालची लीएज-बास्तोन्य-लीएज. बेल्जियममधली जुनी सायकल स्पर्धा. एप्रिल महिना, पण त्या दिवशी बर्फ पडलं. १७४ जण निघाले, एकवीस जण शेवटाला पोचले. बाकीच्यांनी वाटेत सायकली सोडल्या. जिंकणारा दुसऱ्यापेक्षा नऊ मिनिटांहून जास्त पुढे होता, आणि त्या दिवशीच्या गारठ्याने त्याच्या हाताच्या दोन बोटांना जी इजा झाली ती कायमची.

“कोण हा?” आईने विचारलं.

“ईनो,” डॉक्टर म्हणाले. “बर्नार ईनो.”

“ईनो? पोटाचं?”

“फ्रेंच आहे आजी. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलाय.”

“असेल. जळजळ होत नसेल त्याला.” आईने चष्मा लावून फोटो हातात घेतला. बर्फात एकटाच चाललेला माणूस. डोक्यावर, कानांवरून हनुवटीपर्यंत आलेली, लालभडक लोकरीची कानटोपी.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग फोटो माझ्याकडे फिरवून म्हणाली, “बघ.”

आणि दुसऱ्या दिवशी सुया घेऊन बसली. लाल लोकर घरात नव्हती. राणी रंगाची होती.

डिसेंबरात अवकाळी आला. थंडी आणि पाऊस एकाच सकाळी. बाकीच्या लोकांना हे संकट वाटतं. मला मात्र बोर्डाचा पेपर हातात पडून सगळे प्रश्न येत असल्यासारखं झालं. सहा महिने ज्याची तयारी केली तो दिवस हा. ग्रुपवर डॉक्टरांचा निरोप आला होता की आज कोणी जाऊ नये. मी वाचून हसलो. घाम ओढणारा थर, त्यावर ऊब धरणारा थर, त्यावर कोरा अंक (या वेळी नुसती अर्थविषयक पानं, खबरदारी म्हणून), त्यावर दहा हजार मिलिमीटर. पायांत पावाच्या पिशव्या. हेल्मेटच्या आत राणी रंगाची कानटोपी. ती घातल्यावर हेल्मेट बसेना, म्हणून हेल्मेटचे आतले स्पंज काढून टाकले. तासभर लागला, पण आरशात पाहिलं तेव्हा माझ्या अंगाचा एक इंचही हवेला दिसत नव्हता. थंडी मुळीच वाजत नव्हती. हे चूक आहे, एवढं तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

“लोणावळ्याला जाऊन येतो,” मी ऐटीत म्हणालो.

खाली पार्किंगमध्ये आलो. मागचं चाक बसलं होतं.

वॉचमन खुर्चीत बसून, खांद्यावर पोतं घेऊन चहा पीत होता. “साहेब, चाक गेलं.”

“दिसतंय.”

“राहू द्या मग आज.”

आता एवढा नटून वर परत जायचं? मी सायकल उलटी केली. चाक काढलं. टायर नवा होता, रिमवरून सुटेना. जाडजूड हातमोज्यांत लिव्हर धरता येईना, हातमोजे काढले. वॉचमनने मोबाइलचा उजेड धरला. ट्यूब काढली, दुसरी घातली, पंप मारला. दीडशे झटके मारले, तेव्हा कळलं की दुसरी ट्यूबही गेलेली आहे. पहिलीला पॅच लावला. परत दीडशे. त्या पार्किंगला तिन्ही बाजूंनी भिंती. वारा नाही, पाऊस नाही. माझ्यावर तीन थर आणि एक अर्थव्यवस्था. शेगडी फुल्ल पेटलेली आणि सायकल जागच्या जागी. घाम हनुवटीवरून टपकायला लागला, मग बाह्यांतून वाहायला लागला, मग पावाच्या पिशव्यांत साठायला लागला.

“साहेब, बाहेर पाऊस थांबला,” वॉचमन म्हणाला.

चाक बसवलं तेव्हा सव्वाआठ झाले होते आणि ऊन पडलं होतं. मी सायकल भिंतीला टेकवली. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पोतं झटकून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि काही न बोलता दुसरीकडे बघायला लागला. दिवाळीत त्याला जास्त दिले पाहिजेत.

लिफ्टमध्ये माझ्यामागे एक ओघळ आला. दार बायकोने उघडलं.

“अगंबाई! केवढे भिजलात! एवढा पाऊस होता?”

“बराच होता.”

“आणि हे जाकीट? दहा हजाराचं?”

“मिलिमीटर.”

“तेच ते.” ती टॉवेल आणायला वळली. पायांतल्या पिशव्या चुबुकचुबुक वाजत होत्या.

आतल्या खोलीतून आवाज आला. “अरे, कान कोरडे आहेत ना?”

मी कानटोपी काढून बोट घालून पाहिलं. कोरडे होते.